गुडघ्यांना कान नसतात

मामाच्या दुकानात दोन अँप्लिफायर शेजारी शेजारी उभे होते आणि मी दोन स्पीकरवाल्याच्या प्रेमात पडले होते. एका स्पीकरचा म्हणजे टेबलाखाली मावेल असा डबा, त्यातही एक कोपरा चेपलेला. दुसरा मात्र रुंद, ऐसपैस, चंदेरी जाळीचा, आत दोन स्पीकर डोळे वटारून बसलेले. त्याच्यापुढे उभी राहिले की मी गिटारिस्ट. छोट्यापुढे उभी राहिले की गिटार घेतलेली शाळेतली मुलगी.

"हा!" मी म्हटलं.

मामा कार्यक्रमांना साउंडचं सामान देतो. त्याने कान खाजवला. "सरावाला छोटाच होता ना? मस्त जमलं होतं तुमचं. शाळेचा हॉल तो केवढा! आणि गाणार कोण, चिमणी?"

चिमणी म्हणजे माझी जिवाभावाची मैत्रीण. आवाज गोड, पण एवढुस्सा. ती मला तोफ म्हणते, कारण मी वर्गात कुजबुजले तरी शेजारच्या वर्गातल्या बाई येतात. कार्यक्रमात आम्ही दोघीच होतो, ती गाणार आणि मी वाजवणार.

"चिमणीनेच सांगितलंय, मोठा आण म्हणून," मी म्हणाले.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. खरं तर चिमणी आदल्याच दिवशी म्हणाली होती, "तोफे, छोटाच आण हं. तो असला की मला माझं ऐकू येतं."

मामाने आणि मी तो उचलून गाडीत घातला. "अँप्लिफायर आहे की फ्रिज?" मामा कण्हला. मग म्हणाला, "नीट ऐक. मागे कलता ठेव, म्हणजे आवाज तुझ्या कानाकडे येईल. सरळ ठेवलास तर सगळा गुडघ्यांवर जाणार, आणि गुडघ्यांना कान नसतात. तुला वाटेल आवाज कमीच आहे, आणि तू वाढवत बसशील."

"हो रे मामा, कळतं मला!"

हॉलमध्ये मी तो कलता ठेवूनही पाहिला. उशीला टेकलेल्या पेशंटसारखा दिसत होता. म्हणून दिला सरळ करून.

चिमणी आली आणि थबकली. "हे काय?"

"छोटा मामाने दुसऱ्यांना देऊन टाकला." दुसरी थाप. ही तर आणखी सहज निघाली.

"बरं," ती म्हणाली. रागावली नाही, काही नाही. "मग मी जरा मोठ्याने गाईन."

ती भांडली असती तर बरं झालं असतं.

ते गाणं चिमणीने स्वतः लिहिलं होतं, तिच्या आईवर. काकू हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करतात. गाणं त्यांच्या कानावर पडू नये म्हणून चिमणी बाथरूममध्ये नळ सोडून सराव करायची. "आई पहिल्यांदा तिथेच ऐकणार," ती मला दहादा म्हणाली होती. काकूंनी त्यासाठी कामाच्या पाळीतून दोन तासांची सुट्टी मागून घेतली होती. पडदा सरकला तेव्हा त्या मागच्या रांगेत, कामाच्याच निळ्या कपड्यांत, पर्स मांडीवर धरून बसलेल्या मला दिसल्या.

आम्ही सुरू केलं आणि मला माझी गिटार ऐकूच येईना! मी बटण थोडं फिरवलं. तरी पुरेना. अजून फिरवलं. पुढच्या रांगेतल्या मुलीने कानांवर हात ठेवले. मला वाटलं, भारावून गेली. चिमणीचा माईक वाढवला की शिट्टी मारायचा, म्हणून तिचा आवाज होता तिथेच राहिला. शेवटच्या कडव्यात मी तिच्याकडे पाहिलं. मानेच्या शिरा ताणलेल्या, डोळे मिटलेले, तोंड उघडतंय, मिटतंय. मासा जसा काचेआडून बोलतो, तसं.

आणि मी तेव्हाही बटणाला हात लावला नाही, कारण टाळ्या सुरू झाल्या होत्या.

बाहेर आले तर वर्गातली मुलं "कसली वाजवतेस गं!" म्हणून भोवती. अंगावर मूठभर मांस चढलं. ते उतरायला वेळ लागला नाही. कपडे बदलायच्या खोलीत काकू चिमणीचे केस सारखे करत होत्या.

"तू तर छप्पर उडवलंस गं!" त्या मला म्हणाल्या. मग चिमणीकडे वळून हळूच, "शब्द नाही कळले मला, राणी. माझेच कान मेले, दिवसभर त्या मशिनांत असतात ना. पण दिसत होतीस किती छान!"

चिमणी हसली. काही बोलायला गेली, तर घशातून नुसती हवा आली. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता.

काकू स्वतःच्या कानांना दोष देत होत्या!

"काकू, कान ठीक आहेत तुमचे," मी म्हणाले. माझा आवाज कधी नव्हे तो बारीक आला. "छोटा अँप्लिफायर दुकानातच होता. मी मोठा आणला, नुसता दिसायला भारी म्हणून. मामाला म्हटलं चिमणीने सांगितलंय, आणि चिमणीला म्हटलं..."

चिमणी माझ्याकडे बघत राहिली. मग खिडकीशी जाऊन बाहेर. ते बघणं मला नको होतं, त्यापेक्षा एक सणसणीत धपाटा चालला असता.

काकूंनी घड्याळ पाहिलं. उरलेल्या पाळीला परत जायचं होतं त्यांना. मी घाईघाईने गिटार काढली. वायर नाही, काही नाही, तार छेडली तर डास गुणगुणल्यासारखी वाजली. आणि मी गायला लागले. मी! जिला शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा नुसते ओठ हलवायला सांगतात.

"किल्ली फिरते दारामध्ये, घरभर उजेड होतो,
तू नुसती 'आले गं' म्हणतेस, दिवस सुरू होतो..."

दुसऱ्या ओळीला सूर कुठल्या कुठे गेला. काकूंनी पर्स खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसल्या. पुढच्या ओळीत शब्द विसरून मी अडखळले. चिमणी खिडकीपासून हलली नव्हती. मग आली, माझ्या कानाशी तोंड नेऊन फुटक्या आवाजात पुटपुटली, "'ओले हात', तोफे, 'ओले हात'. आणि हळू."

मी हळू केलं.