माझ्या पायाखालचा चहा

मी तात्या बोलतोय. नाव ऐकून लगेच वाकून नमस्कार नका करू. उंची माझी तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढी. अंग कथलाचं, हातात भाला. भाल्याचं टोक कधीच मोडलं, पण ऐट अजून शाबूत आहे हं!

साच्यातून निघालो तेव्हा मी कुठल्याशा गोऱ्या फौजेतला शिपाई होतो, डोक्यावर हॅट. पोस्टाने आयर्लंडला, नावन गावात आलो तो शिरीषच्या टेबलावर. शिरीष मूळचा पुण्याचा, इथल्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. दिवसभर माणसांना झोपवायचा आणि घरी आला की आम्हाला जागं करायचा. त्याने माझ्या हॅटवर पुट्टीची पगडी चढवली. मिशा रंगवताना ब्रश घसरला आणि त्या गालभर पसरल्या. आता पुसेल म्हटलं, तर हा पठ्ठ्या हसतच सुटला. "अरे, हा तर आमचा तात्या!" झालं, बारसं उरकलं.

असे आम्ही चाळीस. टेबलावर टेकडी-नदी मांडायची, पट्टीने अंतर मोजून आम्हाला पुढे सरकवायचं आणि फासे टाकून लढाई ठरवायची, असा त्याचा खेळ. वर्षातून एका रविवारी जवळच्या मेनूथ गावी अशा हौशी लोकांचा मेळा भरतो. तिथे भले भले टक्कल पडलेले बाप्ये गुडघ्यावर बसून टेबलाच्या कडेला डोळे लावतात आणि आमच्या पायाखालची माती किती खरी दिसते म्हणून वाहवा करतात.

ती माती नव्हतीच. तो चहा होता. शिरीषची बायको चित्रा सकाळी आलं ठेचून चहा करायची आणि शिरीष गाळणीतला चोथा रेडिएटरवर पेपर पसरून वाळवायचा. मग चिमट्याने आमच्या पायाशी डिंकावर बसवायचा. चित्रा करवादायची, "शिरीष, काय हा पसारा! गुलाबांना घालायचाय तर तसाच घाल की." त्यानं कधी खुलासा केला नाही. दरवर्षी मेळ्याला निघताना मात्र विचारायचा, "येतेस का गं? एक गंमत दाखवायचीय." आणि ती म्हणायची, "तुझ्या बाहुल्या बघायला? पुढच्या वर्षी येईन."

गेल्या हिवाळ्यात तो ड्यूटीवरच कोसळला. परत आलाच नाही.

नंतर आम्ही हॉट प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या गरम कपाटात, टॉवेलांच्या मागे पडून होतो. एका शनिवारी दुपारी चित्राने आम्हाला बाहेर काढलं. मेळ्यात जुन्या फौजांना नवं घर मिळवून देणारं एक टेबल असतं, तिथे न्यायचं तिनं ठरवलं होतं. सिंकमध्ये कोमट पाणी भरलं, भांड्यांचा साबण घातला आणि जुना टूथब्रश हातात घेतला.

"किती मळ बसलाय! शिरीष, तुझी माणसं स्वच्छ होऊन जाऊ देत रे."

मी ओरडलो. अगं पोरी, तो मळ नाही! तो चहा आहे, तुझाच! पण कथलाचा आवाज कुणाला ऐकू येतो? ती डोळे पुशीत, एकेकाला तळहातावर घेऊन घासत राहिली. इतक्या मायेनं कुणी आमचा घात करील असं वाटलं नव्हतं. सिंकमधलं पाणी तपकिरी झालं आणि निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदाच मेळ्याला आली. "दे आर ग्रँड, मिसेस," म्हणत लोक आमच्यातले पाच-दहा उचलायचे. दुपारपर्यंत एकोणचाळीस गेले. मोडक्या भाल्यामुळे मी तेवढा उरलो.

तेवढ्यात रवींद्र आला. हा मेनूथचाच, कंप्युटरवाला, शिरीषबरोबर दहा वर्षं खेळलेला. "सॉरी वहिनी, लोकांना खेळ दाखवत होतो, सोडून निघता येईना. अरे, तात्या!" त्याने मला उचललं, उलटंसुलटं केलं. "आणि ह्याचा चहा कुठे गेला?"

"कसला चहा, भाऊजी?"

"पायाखालचा. तुमच्या घरचा, आल्याचा. शिरीष इथे सगळ्यांना सांगायचा, माझी फौज बायकोच्या चहावर उभी आहे. तुम्ही याल तेव्हा तुम्हाला दाखवणार होता..." तिचा चेहरा बघून तो थांबला.

चित्रा मटकन खुर्चीत बसली. "मी काल धुतले हो. ब्रशनं घासून घासून. मला वाटलं, मळ आहे."

"तुम्हाला काय माहीत, वहिनी! थांबा, मी बाकीचे परत मागून आणतो."

"नको. आणून काय करू, धुतलेलेच ना?" तिने मला त्याच्या हातातून घेतलं. "दरवर्षी बोलवत होता, भाऊजी. एकदा आले असते तर?"

रवींद्र खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. संध्याकाळी तिने मला रुमालात गुंडाळून घरी आणलं.

आता मी स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. चित्रा रोज एक कप चहा करते, आलं ठेचून. चोथा रेडिएटरवर पेपर पसरून वाळवते. चिमटीत घेऊन माझ्या पायाशी आणते, आणि तिथेच हात थांबतो. मग तो बरणीत टाकते. बरणी गळ्यापर्यंत भरत आली.

माझ्या एकोणचाळीस भावांपैकी कुणी तुमच्या घरी असेल, तर त्याच्या पायाशी तुमच्या घरचा चहा लावा बरं का. आणि घरातलं कुणी "गंमत दाखवायचीय" म्हणालं, तर हातातलं काम टाकून त्याच्यामागे जा. पुढच्या वर्षी म्हणू नका.

आज सकाळी चित्राने मला नाकाशी धरलं. डोळे मिटून खूप वेळ हुंगत राहिली. अगं पोरी, काय शोधतेस? माझ्या पायांना अजून भांड्यांच्या साबणाचाच वास येतो.