घडवणारा

मुलगी तापाने गेली, तेव्हापासून आमचे हे माझ्यासोबत प्रार्थनेला बसत नाहीत. घड्याळं दुरुस्त करत दुकानातच बसून राहतात. काल डबा द्यायला गेले, ती त्यांना परत प्रार्थनेला बसवायचंच असं ठरवून.

"अहो, एवढंसं घड्याळ आपोआप घडत नाही. मग जगाला घडवणारा नको?"

डोळ्यावरचं भिंग न काढताच ते म्हणाले, "असेल की! पण बिघडलेली घड्याळं माझ्याकडे येतात, बाईसाहेब. घडवणारा कधी चौकशीला आलाय?"

"त्याची काही योजना असेल."

"एवढ्याशा पोरीला नेण्यात?"

मी डबा ठेवून निघाले. संध्याकाळी नेमाप्रमाणे प्रार्थनेला बसले. ह्यांना सद्बुद्धी मागायची होती, पण तोंडातून ह्यांचाच प्रश्न बाहेर पडला.