घोंगडीला विटाळ नाही

मी एक जुनी घोंगडी आहे, मित्रांनो, आणि आज मी तुमच्याशी जरा रागानेच बोलणार आहे. बावड्याच्या अलीकडे, उसाच्या रानात दत्तोबांची वस्ती आहे, तिथे मी राहते.

दत्तोबांकडे तेव्हा मेंढरे होती. त्यांच्याच काळ्या लोकरीचे सूत दत्तोबांच्या बायकोने, सारजाने, कातले. ती तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. सणगराने मला मागावर विणले, चिंचोक्याची खळ दिली आणि मी अशी ताठ झाले की उभी केली तर उभी राहीन. दत्तोबा मला खांद्यावर टाकून उन्हापावसात हिंडायचे. बाजारात कुणी मला हात लावून पाहिले की त्यांची छाती फुगायची.

पुढे मेंढरे विकली, रानात ऊस आला. दत्तोबा गेले आणि घरात रंगीत ब्लँकेटे आली. माझी रवानगी पडवीच्या कोपऱ्यात झाली. तिथे मला नवे काम मिळाले. घरातल्या बाईला पाळी आली की तिने चार दिवस कुणाला न शिवता माझ्यावर बसायचे. माझ्यावरच का? तर लोकरीला विटाळ होत नाही म्हणून! आता तुम्हीच सांगा, ज्या रक्ताने मी बाटत नाही, त्याने ती बाई कशी बाटते? इतकी वर्षे मी हे विचारते आहे, पण घोंगडीचे कोण ऐकतो?

सारजाची सून सुकन्या चार दिवसांत कधी उठलीच नाही. तिला आठ-आठ, नऊ-नऊ दिवस रक्त जायचे. ओठ पांढरेफटक पडले होते. एकदा माझ्यावरून उठता उठता ती चक्कर येऊन कोसळली. सारजा धावत आली, पण हातभर लांबच थांबली आणि पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. मला हात असते तर मी तिला उचलले असते.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा दीपक तिला मोटारसायकलवर बारामतीला घेऊन गेला. संध्याकाळी ती माझ्यावर बसून जळोचीच्या बहिणीला फोनवर सगळे सांगत होती, म्हणून मला कळले. डॉक्टरबाईंनी तपासून तिच्या गर्भाशयात हार्मोनची तांबी बसवली होती. पहिले काही महिने पाळी कशीही येईल, थेंब थेंब दिसेल, मग ती कमी होईल, कदाचित थांबेलही, असे त्या म्हणाल्या होत्या. थांबली तरी रक्त आत साठत नाही, कारण पिशवीचे अस्तरच पातळ राहते. दिवस राहण्याची शक्यता फार कमी, पण अगदीच नाही असे नाही. शंका आली तर लघवीची तपासणी करायची आणि दिवस आहेत असे निघाले तर लगेच दवाखाना गाठायचा.

सारजाला नातीच्या पाठीवर नातू हवा होता. म्हणून नवराबायकोने तिला काही सांगितले नाही.

पहिले काही महिने सुकन्या माझ्यावर बसायची, उठायची, पुन्हा बसायची. मग तिचे येणे थांबले. पंचांग पाहावे तसे सारजा मला पाहत असे. कोपरा दोन महिने रिकामा दिसला, तशी तिने मला उन्हात झटकले आणि हसत हसत माळ्यावर टाकले. बाजारातून चिंचा आणल्या. शेजारच्या द्वारकाबाईने विचारले, सुनेने सांगितले का? तर म्हणाली, "हातच्या काकणाला आरसा कशाला? घोंगडी माळ्यावर हाय." बाजारात तुरी आणि ही बाई पाळणा टांगायची जागा बघत होती!

आता सुकन्या घाबरली. खरेच दिवस राहिले असतील तर? तिने मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणली. एकच रेघ उमटली. दिवस नव्हते. तिने डोळे पुसले, चुलीपाशी गेली आणि सासूला सगळे सांगून टाकले.

सारजाचा चेहरा पडला. साऱ्या वस्तीला सांगून बसली होती ना. म्हणाली, "उद्याच्या उद्या जाऊन काढून ये. तुंबल्यालं रगात डोक्यात चढंल."

सुकन्या स्टुलावर चढली. तिने मला माळ्यावरून ओढले आणि कोपऱ्यात नाही, मधल्या घरात देव्हाऱ्यासमोर अंथरले. मग आपल्या लेकीला, सोनमला, मांडीवर घेऊन माझ्यावर बसली.

"रगात कुठं तुंबत न्हाय, आत्या. मी न्हाय काढणार. मी पडले तवा तुमी लांबनं तांब्या सरकवला. परत तसं पडायचं न्हाय मला. मूल पाह्यजे का नगं, ते मी आन हे मिळून ठरवू."

सारजा पुढे आली. मग, गुडघे दुखतात म्हणून असेल, माझ्या कडेला टेकली. माझ्या दशा बोटांनी चाचपत राहिली. ते सूत तिनेच कातलेले होते.

सकाळी द्वारकाबाई आली, तेव्हा तिला सारजानेच दारात सांगितले, "सून पोटुशी न्हाय. तिची तब्येत सुधारलीया."

मित्रांनो, मला उन्हात टाका, कसर लागू देऊ नका, थंडीत अंगावर घ्या. पण कुणा बाईवर पहारा करायला मला बसवू नका. उद्या सोनम मोठी होईल. तेव्हा कुणी मला पुन्हा कोपऱ्यात नेऊ लागले, तर मी जाणार नाही. माझी खळ अजून गेलेली नाही.