पाझर

हरिदास मेश्राम यांनी आयुष्यभर माजरीच्या कोळसा खाणीत पंपावर पाणी उपसलं. त्यामुळे निवृत्त झाल्यावर माणसानं पाण्याचं तोंडही पाहू नये, असं कुणालाही वाटेल. पण गड्यानं सिंदेवाहीकडच्या आपल्या गावात, गावाच्या अगदी शेवटच्या घरात, मागच्या भिंतीला लागून सिमेंटचं टाकं बांधलं आणि त्यात रंगीत मासे सोडले. टाक्याच्या काठावर बुद्धाची मूर्ती बसवली. भिंतीपलीकडे नाला होता आणि नाल्यापलीकडे जंगल.

टाकं पहिल्या उन्हाळ्यापासून पाझरत होतं. सकाळी भरावं, तर संध्याकाळी माशांच्या पाठी उघड्या पडायच्या. सून रश्मी, जी आरोग्य केंद्रात नर्स होती, सासऱ्यांना चिडवायची, "बाबा, खानीतलं पानी थांबवलं म्हनता, अन् हे टाकं नाई थांबत तुमच्यानं?" हरिदास हसायचे आणि पुन्हा नळी लावायचे. दोन उन्हाळे असेच गेले.

या वर्षी मात्र एप्रिलमध्ये ते एकाएकी हट्टाला पेटले. टाकं रिकामं केलं, मासे ड्रममध्ये टाकले आणि छन्नीनं भेगा मोकळ्या करत बसले. बुद्धपौर्णिमेच्या आत टाकं कोरडं ठाक, म्हणजे बाहेरून कोरडं, झालंच पाहिजे. आत दिवेही लागले पाहिजेत. पौर्णिमेला विहारातली वंदना झाली की सगळ्यांनी आपल्याकडे खीर खायला यावं, असं आमंत्रणही देऊन मोकळे झाले. मुलगा प्रफुल म्हणाला, "इतकी काय घाई हाये, बाबा?" त्यावर ते खेकसले, "तुले काय समजते?"

भेगा सिमेंटनं बुजल्या. त्यावर पाणी अडवणाऱ्या लेपाचा हात फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी रश्मी चहा घेऊन मागं गेली, तेव्हा काठावरच्या ओल्या लेपात एक ठसा उमटलेला होता. गोल, रुंद, चार बोटांचा.

"कुत्रं आलं होतं," हरिदास म्हणाले आणि तिच्यादेखत त्यांनी थापी फिरवून ठसा मिटवला.

"बाबा, कुत्र्याची नखं उमटतात. याले नखं नोयती."

"पोट्टीसमोर बोलू नको. पौर्णिमा होऊ दे, मंग सांगू फारेस्टवाल्याईले."

तिथंच रश्मीनं अडून बसायला हवं होतं. पण सासरे पुन्हा लेप सारखा करायला लागले, आणि पौर्णिमेपर्यंतचाच प्रश्न आहे असं समजून ती चहा ठेवून आत गेली. त्या दिवसापासून मात्र तिची नजर सारखी मागच्या भिंतीकडे जायची. रोज दिवस कलला की तिची सहा वर्षांची मुलगी दिव्यानी हातात खाद्याची डबी घेऊन ड्रममधल्या माशांना खाऊ घालायला मागं पळायची आणि रश्मी हातातलं काम टाकून तिच्यामागं धावायची. रात्री पत्र्यावर चिंच पडली तरी ती उठून बसे. केंद्रात लोकांना धीर देणारी ही बाई स्वतः पार घाबरून गेली होती.

केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून नव्या सिमेंटचा दाह काढला, पाणी बदललं, मासे परत सोडले. भिंतीतून एक थेंबही बाहेर गेला नाही. हरिदास रोज काठावर कोळशानं खूण करत आणि पाणी खुणेवरच पाहून सुस्कारा टाकत. त्यात आनंदापेक्षा सुटका जास्त होती, हे रश्मीला फार उशिरा कळलं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी प्रफुल विहारातून लोकांना आणायला गेला. पांढरं लुगडं नेसून रश्मी मागच्या ओसरीत मेणबत्त्या लावत होती. चुलीवरच्या खिरीकडे बघायला ती आत वळली, तेवढ्या वेळात दिव्यानी तिची नजर चुकवून टाक्यावर पोचली. उजेड विझत आला होता. रश्मी बाहेर आली, तर पोरगी काठावर उकिडवी बसून दाणे टाकत होती.

"दिवे पाह्य आता," हरिदास म्हणाले आणि त्यांनी ओसरीतलं बटन दाबलं.

टाक्याच्या तळातून पिवळा उजेड वर आला. मासे लखलखले. मूर्तीचा चेहरा उजळला. आणि मूर्तीच्या वर, भिंतीच्या माथ्यावर, बिबट बसलेला दिसला. त्याची नजर दिव्यानीवर होती.

हरिदासांचा हात परत बटनाकडे गेला.

"बंद नका करू!" रश्मी दबक्या आवाजात म्हणाली. अंधार झाला तर तो कुठं आहे हे तिला दिसणार नव्हतं, आणि त्याला मात्र सगळं दिसणार होतं. मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना वाकलेल्या बायाच जनावराच्या तावडीत सापडतात, हे तिनं जखमा शिवता शिवता किती जणींकडून ऐकलं होतं. बसलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही.

"दिव्यानी, उभी राय बेटा."

"काऊन? अजून दाने हायेत."

"उभी राय म्हनलं ना. खेळात चालतो तशी उलटी चाल. माह्या आवाजाकडे ये."

पोरगी उठली. बिबटाचे कान हलले. एक पाऊल मागं, मग दुसरं. रश्मी बिबटावरची नजर न काढता तिच्या दिशेनं चालत होती. दिव्यानीची पाठ हाताला लागताच तिनं तिला उचलून खांद्यावर घेतलं, उंच, आणि पाठ न वळवता ओसरीपर्यंत आली. बिबट खाली उतरला. मूर्तीच्या पायाशी मान घालून त्यानं लपालपा पाणी प्यायला सुरुवात केली. तो किती वेळ पीत होता कोण जाणे. तहानलेला होता बिचारा. मग एका उडीत भिंतीपलीकडे गेला.

दार लावल्यावर हरिदास दाराला पाठ लावून खाली बसले.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "पाझराचं पानी भिंतीमागं डबक्यात साचे. दोन उन्हाळे तो तिथीच पेत होता. पोट्टी इकडे मासे पाहे, अन् तो तिकडे, मधात फक्त एक भिंत. मले झोप नोयती, रश्मी. वाटलं, पानी बंद केलं का जाईन तो निंगून."

रश्मीला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी त्यांची कीवही आली. तिला रडू फुटलं. खांद्यावरची पोरगी विचारत होती, "आई, तो आपले मासे खाईन का?"

दुसऱ्या दिवशी वनरक्षक येऊन पाहून गेला. हरिदासांनी स्वतःच्या हातानं लेप फोडला, टाकं रिकामं केलं आणि मासे विहाराच्या हौदात सोडले. वनखात्यानं नाल्यापलीकडे, घरापासून पार दूर, जनावरांच्या पाण्यासाठी बशीसारखा खड्डा खणून दिला. तिथपर्यंत नळी टाकली. आता रोज सकाळी ऊन चांगलं वर आलं की हरिदास वनरक्षकाबरोबर तिकडे जाऊन काठच्या मातीत ठसे बघून येतात. टाक्यातले दिवे मात्र त्यांनी काढले नाहीत. तिन्हीसांजेला ते बटन दाबतात, रश्मी भिंतीचा माथा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळते, आणि मगच दिव्यानीला ओसरीत येऊ देते.

सकाळी सासरे परतले की रश्मी चुलीपुढून विचारते, "आला होता का, बाबा?"

"आला होता. पानी पेऊन गेला," असं ते म्हणाले की तिचा जीव भांड्यात पडतो. ज्या दिवशी ते नुसतीच नकारार्थी मान हलवतात, त्या दिवशी ती मागचं दार उघडत नाही.