हान आजोबांची चौकट

"दगडाखाली कोण आहे?" पाहुण्याने विचारलं.

"कोबी," आमचे हे म्हणाले.

दोघं आले होते. एकाने बूट उंबऱ्याशी काढले, दुसरा बुटांसकटच घरात शिरला.

माझा नवरा, मिन ग्यूसोक, वीस-बावीस वर्षं पेपरात रोज व्यंगचित्राची एक चौकट काढतोय. तिच्यातले हान आजोबा भाववाढीवर कुरकुरतात, मंत्र्यांना टोमणे मारतात. छापायच्या आधी पान सरकारी तपासणी कचेरीत जातं. तिथून भलीभली बोचरी चित्रं सुटली, आणि वरच्या कुणाला झोंबलं काय, तर किमचीच्या, म्हणजे खारवलेल्या कोबीच्या, रांजणावर दगड ठेवणारे आजोबा! तेही सुचलं माझ्यामुळे. मी अंगणात दगड ठेवत होते आणि यांनी कागद ओढला.

"जनतेला दाबून ठेवलंय, असंच ना?"

"किमची वर तरंगू नये म्हणून ठेवतात, साहेब. तुमच्याकडे नाही ठेवत?"

"आमच्याकडे बायको बघते ते." पाहुणा हसला. "चला, तासाभराचं काम आहे. जाड कोट घ्या, तिकडे गारठा असतो."

तासाभराला जाड कोट कशाला? तरी मी तो खुंटीवरून काढून दिला.

कोट घालताना हे माझ्या कानाशी पुटपुटले, "उद्याचा पेपर बघ. माझं चित्र नसलं की संपादक चौकट कोरी सोडतील. लोक विचारतील, आजोबा गेले कुठे. मग मला ठेवून घेणं जड जाईल यांना."

रात्री हे आले नाहीत. सकाळी पेपर पडताच मी शेवटचं पान उघडलं.

चौकट कोरी नव्हती. हान आजोबा बाजारात मुळे निवडत होते. नाक लांबलं होतं, टोपी भलत्याच बाजूला कलली होती. खाली सही मात्र यांचीच, मेल्यांनी हुबेहूब उतरवलेली. आता आजोबा गेले कुठे, हे कोण विचारणार?

अंगणाच्या भिंतीपलीकडून शेजारची जिनोची आई हसत म्हणाली, "अगं, आज तुझ्या नवऱ्याने बहार आणली. मुळ्यांचं अगदी खरंय हो. उठलेत का? सांग त्यांना."

सांगायला मी तोंड उघडलं. गल्लीच्या तोंडाशी कालचा बूटवाला सिगारेट ओढत उभा होता, माझ्याकडेच बघत.

"झोपलेत अजून," मी म्हटलं. "उठले की सांगते."