चंदेरी पाइप

शालू गेली आणि दीड महिन्याने अनंतला बाथरूममध्ये वास आला. अनंत आमचा मुलगा. हिंजवडीत नोकरी, तिथेच चौदाव्या मजल्यावर फ्लॅट. आई होती तोवर त्याला हा वास कधी आला नाही, कारण तो यायच्या आधी दोन तास ती फिनेल ओतत बसायची. तो म्हणाला, हा सेप्टिक टँकचा गॅस आहे, अशा घरात तुम्हाला एकट्याला ठेवणार नाही. रविवारी गाडी घेऊन येतो, सामान भरून ठेवा.

चौदाव्या मजल्यावर मला एक खोली आणि एक टीव्ही मिळणार होता. मांजरी गावातल्या या घरात शालूच्या चपला अजून दाराशी होत्या. मला इथून हलायचं नव्हतं. रविवारपर्यंत वास घालवायचा, एवढंच काम होतं.

वास नवा नव्हता. घर बांधलं चौऱ्याण्णव साली, अनंत तेव्हा शिकायला हॉस्टेलवर होता. ड्रेनेजची लाइन तेव्हा आमच्या गल्लीत लवकरच येणार होती. अजूनही लवकरच येणार आहे. म्हणून मागच्या अंगणात टाकी, टाकीतलं पाणी मुरायला शोषखड्डा, आणि गॅस वर सोडायला गच्चीच्या वर जाणारा लोखंडी पाइप. पहिल्याच वर्षी शालू म्हणाली, बाथरूममध्ये वास येतो. मी तिला खिडकीतून पाइप दाखवला. वास तिथून जातो, म्हटलं. ती दरवर्षी सांगायची, मी दरवर्षी पाइप दाखवायचो. ती म्हणायची, अहो, तो नुसता उभा आहे. मी म्हणायचो, पाइप उभेच असतात. दिवाळीला मी त्याला चंदेरी रंग द्यायचो. सरकारी गोदामात तीस वर्षं स्टोअरकीपर होतो. वस्तू जागेवर दिसली की माझं काम संपायचं.

मन्सूर प्लंबरला बोलावलं. त्याने टाकी पाहिली, पाइप पाहिला, रंगाचं कौतुक केलं. मग गच्चीवर जाऊन पाइपच्या तोंडात पाणी ओतलं. दोन बादल्या गेल्या. तिसरीला पाणी वरून सांडलं, ते खाली उभ्या असलेल्या माझ्या डोक्यावर.

"काका," तो वरून म्हणाला, "हा भरला."

मग खणलं. पाइप जमिनीत हातभर जाऊन संपत होता. गवंड्याने टोकाला सिमेंटचा गोळा लावून तो नीट बंद केला होता. टाकी तिथून दोन फुटांवर. बावीस वर्षं शेजारी राहून दोघांची ओळख झाली नव्हती. मन्सूर माझ्याकडे बघून नुसता मान हलवत राहिला, आणि ते त्याला चांगलं जमलं.

घर बांधणाऱ्या हिंदुरावांना फोन लावला. मला वाटलं, चांगलं झापावं.

"पाइप लावायचं ठरलं व्हतं, सायेब," ते म्हणाले. "जोडायचं वहिनी बोलल्या व्हत्या. पर मालक तुम्ही. तुम्हाला इचारलं, तर म्हनालात, पाइप दिसतोय ना, झालं मग."

मी फोन ठेवला. झापायचं राहून गेलं.

मन्सूरने पाइप टाकीला जोडला, वरच्या तोंडाला जाळी बसवली. दोन दिवसांत वास गेला. जे काम न झाल्यापायी एक बाई बावीस वर्षं नाकाला पदर लावून कपडे धूत होती, ते एका दुपारचं निघालं.

रविवारी अनंत आला. बाथरूममध्ये उभा राहून चारी कोपरे हुंगून आला आणि म्हणाला, नेमकं काय झालं होतं?

हिंदुरावांवर ढकलणं सोपं होतं. खरं सांगितलं तर तो म्हणणार, यांना घर सांभाळता येत नाही, चला उचला. तरी सांगितलं.

"पाइप जोडलेलाच नव्हता. तुझी आई पहिल्या वर्षापासून सांगत होती. मी ऐकलं नाही."

अनंतने खिडकीतून पाइपकडे पाहिलं.

"मलाही फोनवर सांगायची," तो म्हणाला. "मी म्हणायचो, बाबांनी पाहिलंय ना? मग असेल ठीक."

मग तो पुन्हा बाथरूममध्ये गेला आणि आतून कडी लावली. या खेपेला हुंगण्यासारखं तिथे काही नव्हतं. मी हाक मारली नाही, चहाचं आधण ठेवलं. बाहेर आल्यावर त्याने तोंड पुसलं, चहा घेतला, आणि सामान भरलं का, ते विचारलं नाही.