पाठमोरे मुखपृष्ठ

मी एक जुना, चित्र काढलेला जाड कागद आहे, आणि मित्रांनो, मला राग आलेला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना सुस्कारे सोडतात म्हणे. मला ते जमणार नाही. मी सांगतो, सुस्कारे हवे तर तुम्ही सोडा.

माझा जन्म कागदाच्या कारखान्यात झाला. लगदा, वाफ, रूळ, कापणी, सगळ्या कागदांचे होते तसेच माझे झाले. पुढे स्टेशनरीच्या दुकानातून मी एका शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत आलो. तिथे रंगांच्या बाटल्या उंचीप्रमाणे उभ्या असत, ब्रश धुवायच्या डब्यांवर नंबर होते, आणि पट्टी जागेवर नसली तर तास सुरूच होत नसे. चित्रकलेचे सर फार टापटिपीचे. सरांच्या हातून चूक होत नाही, असे सगळी शाळा म्हणायची. सर स्वतःही म्हणायचे.

त्या वर्षी शाळेच्या वार्षिक अंकाचे मुखपृष्ठ एखाद्या विद्यार्थ्यानेच काढायचे, असे मोठ्या बाईंनी ठरवले. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. नववीतल्या एका मुलीची निवड झाली. तिच्या नाकावर नेहमी रंगाचा किंवा शाईचा एक ठिपका असे, म्हणून तिला सगळे ठिपकी म्हणत. चित्र दोन्ही पानांवर मिळून एकच असणार होते, अर्धे पुढच्या पानावर आणि अर्धे मागच्या. सरांनी मला टेबलावर आडवे पसरले, पट्टी लावून मधोमध रेघ मारली, डाव्या भागावर 'पुढचे पान' असे लिहिले आणि उजव्या भागावर 'मागचे पान'. पेन्सिल दाबून लिहायची त्यांना सवय होती.

घोटाळा इथेच झाला. मित्रांनो, हाताशी असेल ते मासिक उघडा आणि पालथे ठेवा. पुढचे पान उजव्या हाताला येते, डाव्या नाही. सरांनी मला एकदा घडी घालून पाहिले असते तर त्यांनाही कळले असते. तेवढ्याला जांभई देण्याइतकासुद्धा वेळ लागत नाही.

ठिपकीने मला घरी नेले. तिची आत्या कपडे शिवायची. कापड बेतायच्या टेबलाची अर्धी जागा तिने भाचीला दिली आणि उरलेल्या अर्ध्यात स्वतःची कात्री चालवली. ठिपकीने शाळेचा पाण्याचा नळ काढला. डावीकडे शिपाईमामा पहिलीतल्या एका चिमुरड्याला बगलेत धरून उचलत आहेत, तो नळाला तोंड लावून पाणी पितो आहे आणि निम्मे पाणी मामांच्या सदऱ्यावर उडते आहे. उजवीकडे सात मुलांची पाठमोरी रांग, सगळ्यांची तोंडे नळाकडे. यासाठी तीन दिवस मधल्या सुट्टीत मामा त्या पोराला उचलून उभे राहिले.

"हात भरून आले गं," ते म्हणाले होते. "पण नाक नीट काढ हं माझं. घरी दाखवायचंय."

तिने नाक चार वेळा खोडून पाचव्यांदा काढले. मामांच्या ओल्या सदऱ्याचा निळा रंग तिला मिळेना, तेव्हा आत्याच्या चिंध्यांतून तसा तुकडा शोधून तिने तो माझ्या कडेला धरला आणि रंग मिसळला. मला एवढ्या मायेने त्याआधी कोणी हात लावला नव्हता आणि त्यानंतरही लावला नाही.

तिसऱ्या दिवशी आत्याने चष्मा वर केला आणि माझ्याकडे नीट बघितले.

"अगं ए, हे दुमडलं की मामा मागे जातील ना."

"सरांनीच लिहिलंय आत्या, पुढचं पान डावीकडे म्हणून."

"सरांनी लिहिलं म्हणून घडी उलटी पडते होय? बघ घालून."

दोघींनी वर्तमानपत्राच्या पानावर तशाच खुणा करून घडी घातली. मामा मागे गेले. ठिपकी दुसऱ्या दिवशी मला घेऊन थेट सरांकडे गेली.

"सर, पुढचं पान उजवीकडे येतंय."

"आपण वाचतो कुठून?" सरांनी विचारले.

"डावीकडून."

"मग पुढचं कुठे असणार? वीस वर्षं मी इथे माश्या मारतोय का?"

"सर, एकदा घडी घालून..."

"तुला चित्र काढायला सांगितलंय, मला अक्कल शिकवायला नाही. ठेव ते तिथे."

तिने मला ठेवले. दुसरे काय करणार? नववीतल्या मुलीने सरांशी वाद घातला तर उद्धट, आणि गप्प बसली तर मठ्ठ. दोन्हीकडून मार तिलाच.

मग मी छापखान्यात गेलो. तिथल्या काकांनी मला हातात घेतले, खुणा वाचल्या आणि कपाळाला हात लावला. लगेच सरांना फोन केला. "सर, तुमच्या खुणा उलट्या पडल्यात. मागच्या पानावर शिकवणीच्या क्लासची जाहिरात आहे, तुमचे मामा तिच्याखाली गाडले जातील. मी चित्र आरशात दिसतं तसं फिरवून छापतो. दोन मिनिटांचं काम आहे."

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. सरांना कळले होते. त्या क्षणी त्यांना सगळे लख्ख कळले होते, हे मी शपथेवर सांगतो. मग ते म्हणाले, "फिरवायचं नाही. मी विचार करूनच तसं ठेवलंय. आहे तसं छापा."

काकांनी फोन ठेवला. "पडले तरी नाक वर," एवढेच म्हणून ते कामाला लागले. खुणा चुकल्या याचा मला राग नाही. चुका माझ्यावर शेकड्याने झाल्या आहेत, खोडरबर त्यासाठीच असते. मला राग आहे तो फोनवरच्या त्या गप्प बसण्याचा.

अंक छापून झाले. वर शाळेचे नाव आणि खाली सात पाठी. एक पोरगा मान खाजवतो आहे, एकाची बुटाची नाडी सुटली आहे, आणि सगळी शाळा वाचकांकडे पाठ करून उभी आहे. मागच्या पानावर क्लासची जाहिरात, आणि तिच्याखालून डोकावणाऱ्या मामांच्या चपला आणि त्या चिमुरड्याचे लोंबते पाय.

प्रकाशन शाळेच्या हॉलमध्ये होते. मी छापखान्यातून परत आलो होतो आणि सरांच्या काखेतल्या फायलीत होतो, खुणांसकट. मला दिसत काही नव्हते, पण ऐकू सगळे येत होते. अंक वाटले गेले. आधी कुजबुज, मग हशा. कोणीतरी ओरडले, "पाठमोरी शाळा!" मोठ्या बाईंचा आवाज चढला. "हे असं कसं छापलं गेलं?"

सर उभे राहिले. "मुलीच्या हातून झालं, बाई. मागचं-पुढचं कळलं नाही तिला. लहान आहे, आपण सांभाळून घेऊ या."

सांभाळून घेऊ या! मित्रांनो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, तरी गेली. आपल्या चुकीचे खापर एका पोरीच्या डोक्यावर फोडायचे आणि वर तिच्यावरच दया दाखवायची!

शेवटच्या रांगेतून आत्याचा आवाज आला. "खुणा तुम्ही केल्या होत्या, सर. तिने विचारलंही होतं तुम्हाला. तो कागद दाखवा सगळ्यांना."

"कागद छापखान्यात आहे," सर म्हणाले.

मी त्यांच्या काखेत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण विसराळू माणसांसाठी आहे. सर काही विसरले नव्हते. मला फायलीतून ओरडावेसे वाटले, फाटून बाहेर पडावेसे वाटले. पण कागदाला तोंड नसते, आणि ज्यांना तोंडे होती त्या शिक्षकांपैकी एकानेही "आधी कागद बघू" असे म्हटले नाही.

गर्दी पांगताना मामांचा आवाज मात्र अगदी जवळून आला. "पाय छान काढलेस हं बाळ. माझेच आहेत, लगेच ओळखू येतात." त्यावर ठिपकी हुंदके देऊन रडायला लागली.

त्याच दुपारी सरांनी खोलीत बसून माझ्यावरच्या खुणा खोडल्या. शांतपणे, टापटिपीने, चुरा फडक्याने झटकून. मग मला कपाटात तक्त्यांखाली सारले. ठिपकीचे नाव त्या दिवसापासून पाठमोरी पडले. पुढच्या वर्षी मुखपृष्ठासाठी तिने चित्र दिले नाही. तिच्या नाकावरचा ठिपकाही गेला, असे मामा एकदा झाडू मारताना सरांना ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटले.

दहावी झाल्यावर ती दाखला घ्यायला शाळेत आली. सरांनी तिला खोलीत बोलावले, दार लोटून घेतले आणि मला कपाटातून काढून टेबलावर ठेवले.

"तू सांगितलं होतंस," ते म्हणाले. "चूक माझी होती. हे चित्र घेऊन जा, तुझंच आहे."

तिने माझ्यावरून बोट फिरवले. पेन्सिल गेली होती, पण दाबून लिहिलेल्या अक्षरांचे वळ तिच्या बोटाला लागले. क्षणभर मला वाटले, सुटलो. मी तिच्याबरोबर निघालोच होतो मनाने.

"सर, मला हे द्यायचं असेल तर हॉलमध्ये द्या," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर." आणि दार उघडून निघून गेली.

मित्रांनो, कागदाला धूळ, ओल आणि वाळवीपासून जपावे, असे सांगून माझ्यासारख्याने निरोप घ्यायचा असतो. माझे काय व्हायचे ते होवो. तुम्ही मुलांचे नाव जपा. चारचौघांत दुसऱ्याच्या माथी चूक मारली असेल, तर ती आपली होती हेही चारचौघांतच म्हणा. लोटलेल्या दाराआड मागितलेल्या माफीने त्या मुलीचे काहीही भरून येत नाही.

सर अजून याच शाळेत आहेत. रोज सकाळी कपाट उघडतात, रंगांच्या बाटल्या काढतात, माझ्याकडे बघतात आणि कपाट लावून घेतात. हॉल इथून एक जिना खाली आहे.